चौथ्या पिंजऱ्याचा दंड

तळोद्यात पांढरे उंदीर आले ते एकोणीसशे बासष्ट साली. मुंबईहून नंदुरबारपर्यंत रेल्वेने आणि तिथून पुढे एस.टी.च्या टपावर बसून आले. लाल डोळ्यांचे ते चोवीस विलायती पाहुणे पाहायला आठ दिवस रीघ लागली होती. ज्यांच्या घरात उंदरांनी धान्याची पोती फोडून वाट लावली होती, तेही हात जोडल्यासारखे उभे राहून बघत होते. माणसाचं असंच असतं, उंदीर दुसऱ्याचा असला की गोजिरा दिसतो.

हे पाहुणे ज्यांचे, ते हिंमतराव पाटील ब्राह्मणपुरीचे. घरी केळी, ऊस, कापूस, सगळं होतं. पण मुलगा मुंबईला जाऊन औषधशास्त्र शिकला आणि शिकून परत आला, ही घरच्यांच्या मते दुहेरी चूक. काका रूपचंद यांचं तळोद्यात कापसाचं एक रिकामं गोदाम होतं, ते त्याने मागून घेतलं, दारावर ‘वनौषधी संशोधन केंद्र’ अशी पाटी लावली आणि आत पिंजरे मांडले. रूपचंदशेठ सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याचे दात तपासून वय सांगणारा माणूस. त्यांनी एक उंदीर उलटा धरून पाहिला, आणि हा कोणत्या कामाचा, असं विचारलं. हिंमतरावांनी सांगितलं, की डोंगरात दोन मुळ्या आहेत. दोन्हींचे अर्क एकत्र दिले तर उदास माणसाची उदासी जाईल, असा आपला कयास आहे. ते आधी उंदरांवर पाहायचं. रूपचंदशेठ म्हणाले, उंदराला कसली आली उदासी? दोन वर्षं देतो, मग मला कापूस भरायचाय.

त्या मुळ्यांची नावं मी सांगणार नाही. हिंमतरावांनी ती कुणाला सांगितली नाहीत, आणि ज्या बाईने त्या दाखवल्या तिने तर त्यांनाही अर्धंच सांगितलं होतं. ती बाई म्हणजे दिवलीबाई.

दिवली पावरा आदिवासींची. तळोद्याहून जीप जिथे थांबते तिथून पुढे दोन डोंगर चढले की तिचं गाव. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगाने काटक, आणि तोंड असं की बाजारातले व्यापारी तिला तराजू आधी रिकामा दाखवायचे. घरी तिची बोली पावरी. बाजारात येऊन येऊन अहिराणी शिकली होती आणि दोन्हींत सारखीच टोचून बोलायची. नवरा वाहरू ऊसतोडीला खाली तापीकाठी गेला आणि तिथेच पाचटाच्या खोपीत तापाने वारला. त्यानंतरही चार वर्षं ती दिवाळी झाली की कोयता घेऊन डोंगर उतरायची, कारण पोट काही वाहरूबरोबर गेलं नव्हतं. हिंमतरावांनी तिला मुळ्या आणायला आणि नंतर उंदीर सांभाळायला ठेवलं, तेव्हा तिने तो कोयता डोंगरातल्या आपल्या घराच्या आढ्यात उलटा खोवला आणि मनाशी ठरवलं की आता उसात पाय ठेवायचा नाही. तळोद्याच्या कडेला, केंद्रासमोरच झोपडी बांधली, चार कोंबड्या पाळल्या. केंद्र टिकलं तर ती टिकणार होती. केंद्र बंद झालं की कोयता होताच.

उंदीर सांभाळायचं काम तिला मनापासून आवडलं. चार पिंजरे, प्रत्येकात सहा. तिने सगळ्यांची नावं ठेवली. पहिल्या पिंजऱ्यात मामलेदार कचेरी होती, दुसऱ्यात जंगलखातं, तिसऱ्यात एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर. चौथ्या पिंजऱ्यातल्या सहांना मात्र तिने आपल्या गावच्या पंचांची नावं दिली. त्यातला सगळ्यात जाड आणि चावरा होता त्याचं नाव कारभारी. पिंजरा साफ करताना ती कारभाऱ्याला शेपटीने उचलायची आणि थोडा वेळ तसाच धरायची. त्यात तिचा जुना हिशेब होता.

तो हिशेब असा. दिवली नुकती लग्न होऊन आली होती, विशीचीही नव्हती. त्यांच्याकडे नवं पीक आलं की ते आधी देवाला आणि वाडवडिलांना द्यायचं, मग माणसांनी तोंडात घालायचं. गावाची पूजा व्हायची होती आणि दिवलीला शेतात भूक लागली. तिने मक्याचं एक कणीस मोडलं, भाजलं आणि खाल्लं. कुणीतरी धूर पाहिला. पंच बसले, एक कोंबडा दंड सांगितला. दिवलीने पंचांना विचारलं, की पोपटांनी बांधावरचा अर्धा मका माझ्याआधी खाल्लाय, त्यांना किती कोंबडे लावलेत? पंचांना हसू आलं नाही. तिने दंड भरायला नकार दिला आणि पंचांनी तिला जातबाहेर टाकलं.

तिला वाटलं होतं, आठ दिवसांची गंमत. वर्ष गेलं. तिच्या चुलीतला विस्तव कुणी नेईना, तिला कुणी देईना. त्यांच्या गावात शिकार मिळाली की प्रत्येक चुलीला सारखा वाटा जातो. पाळण्यातल्या पोराचा वाटा असतो, गावाला गेलेल्याचा असतो, कुत्र्याचाही असतो. तो वाटा दिवलीच्या दारावरून पुढे जायचा. होळीला ढोल वाजला, तिला कुणी बोलावलं नाही. वाहरू उसाला गेला की ती एकटीच दारात बसायची, पाठीला पोक काढून, डोळे अर्धे मिटून. तोंड चालवायलाही माणूस लागतं, ते नव्हतं. त्या वर्षी दिवली खचली होती. ती पुढे कधी ते बोलली नाही, पण खचली होती हे खरं.

मग एके दिवशी पंच आपणहून विस्तव घेऊन आले आणि म्हणाले, दंड भरला. दिवली म्हणाली, मी नाही भरला. पंच म्हणाले, भरला. त्याच दिवशी तिच्या सासूचा, रेवाबाईचा, तांबडा कोंबडा खुराड्यातून नाहीसा झाला होता. वर्षभर सुनेशी एक शब्द न बोललेली ती म्हातारी, कोंबड्याचं विचारलं की म्हणायची, कोल्ह्याने नेला. मरेपर्यंत तिचं उत्तर बदललं नाही, आणि दिवलीनेही तिला खोटं पाडलं नाही.

तर असं हे केंद्र सुरू झालं. हिंमतरावांची रीत अशी होती, की संध्याकाळी सगळ्या उंदरांना एक औषध द्यायचं, ज्याने ते उदास होतात. ते औषधही एका मुळीचंच, पण ती सगळ्या जगाला माहीत असलेली सर्पगंधा. सकाळी पाहावं तर उंदीर पोक काढून, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून बसलेले असायचे. मग पहिल्या पिंजऱ्याला नुसतं पाणी, दुसऱ्याला एका मुळीचा अर्क, तिसऱ्याला दुसरीचा आणि चौथ्याला दोन्हींचा मिळून. दुपारी कोणाचे डोळे किती उघडले ते वहीत लिहायचं. पहिल्याच खेपेला मिश्रणवाले टुणटुणीत झाले, एकेकट्या अर्काचे जेमतेम हलले आणि पाणीवाले जागचे उठले नाहीत. हिंमतराव इतके खूश झाले की त्यांनी दिवलीला गुळाचा खडा दिला आणि स्वतः चहात साखर टाकायला विसरले.

दिवली मात्र पाण्याच्या पिंजऱ्यापाशी बसून होती. मामलेदार कचेरी सगळी मान टाकून बसली होती. तिने विचारलं, आता यांना कधी देणार? हिंमतरावांनी समजावलं, की यांना द्यायचं नाही, न देण्यासाठीच हे ठेवलेत. कुणीतरी उदास राहिल्याशिवाय दुसरा बरा झाला हे कळत नाही. दिवलीने मान हलवली. समजलं नाही असं नव्हतं. समजलं, आणि आवडलं नाही.

हिंमतरावांनी आपल्या मुंबईच्या जुन्या प्राध्यापक निर्मलाबाई यांना सगळं लिहून कळवलं. बाई फार कडक. त्यांच्या शिफारशीवर सरकारी मदत अवलंबून होती, आणि रूपचंदशेठची दोन वर्षं संपत आली होती. त्यांचे हमाल गोदामाची लांबीरुंदी पावलांनी मोजूनही गेले होते. बाईंचं उत्तर आलं, की तुझ्या वहीवर माझा विश्वास नाही. तुला हवं ते तुला दिसतं. मी स्वतः येते. माझ्यासमोर प्रयोग कर, पण कोणत्या पिंजऱ्याला काय दिलं हे पाहणाऱ्याला ठाऊक असता कामा नये. औषध दुसऱ्या कुणीतरी द्यावं आणि मोजणी होईपर्यंत तोंड बंद ठेवावं.

दुसरं कुणीतरी म्हणजे केंद्रात एकच माणूस होतं. हिंमतरावांनी चार बाटल्यांना चार रंगांचे दोरे बांधले. कोणती बाटली कोणत्या पिंजऱ्याला ते तूच ठरव, फक्त लक्षात ठेव, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. आणि शेवटी बजावलं, “कोन्हाले सांगू नको, दिवलीबाई. माले बी नई.”

आता यात एक गोष्ट घडली होती जी हिंमतरावांना ठाऊक नव्हती. चार दिवसांपूर्वी दिवलीच्या भावाने डोंगरातून नव्या मक्याची कणसं पाठवली होती, पूजेसाठी. तिच्या झोपडीत उंदीर फार. म्हणून तिने ती कणसं आणून केंद्रात खुंटीला टांगली, कारण तळोद्यात सगळे उंदीर पिंजऱ्यात असलेली तेवढी एकच जागा होती. त्या दिवशी चौथ्या पिंजऱ्याची कडी हिंमतरावांच्या हातून नीट लागली नाही. दिवली सकाळी येऊन पाहते तर कणसांची नुसती बुरकुंडं उरलेली आणि कारभारी आपल्या पाच पंचांसह खुंटीखाली पोट सोडून बसलेला.

देवाच्या आधी नवं खाल्लं होतं. आणि तेही पंचांनी.

दिवली आधी पोटभर हसली. मग तिने सहाही जणांना पिंजऱ्यात कोंबलं, समोर पाय रोवून उभी राहिली आणि निवाडा केला, की कोंबडा दंड, नाही तर जातबाहेर. कारभाऱ्याने मिशा हलवल्या. दिवलीने तो नकार धरला. तीस वर्षांनी तिला असा निवाडा करायला मिळाला होता, ती कशाला सोडते?

प्रयोगाच्या सकाळी हिंमतराव आणि निर्मलाबाई बाहेर ओट्यावर चहा घेत बसले. आत दिवली एकटी, चार बाटल्या, चोवीस उंदीर. सगळ्यांचे डोळे उतरलेले. तिने बाटल्या बघितल्या, पिंजरे बघितले. मामलेदाराला पाणी द्यायचं की जंगलखात्याला? कंडक्टरने काय पाप केलंय? तिला ते जमेना. आयुष्यभर तिने एकच वाटणी पाहिली होती. सगळं एकत्र करायचं आणि सारखं वाटायचं. तिने कोपऱ्यातलं गाडगं घेतलं, चारही बाटल्या त्यात ओतल्या, ढवळलं आणि नळीने थेंब मोजून अठरा उंदरांना सारखा वाटा दिला. चौथ्या पिंजऱ्यावरून तिचा हात पुढे गेला. तिथे थांबायचं तिला कारणच नव्हतं. शेवटी वाटणाऱ्याचा वाटा असतो, तो तिने स्वतः घेतला. कडू होता.

मग ती बाहेर आली आणि तोंड मिटून बसली. तिला कुणाला सांगायचं नव्हतं ना.

दुपारी मोजणी झाली. हिंमतराव एकेका उंदराचे डोळे पाहून आकडे सांगत होते, निर्मलाबाई चष्मा कपाळावर चढवून ते पुन्हा तपासत होत्या. तीन पिंजरे उड्या मारत होते. चौथा सुन्न. हिंमतरावांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. त्यांचं म्हणणं होतं, दोन्ही मुळ्या एकत्र आल्या तरच गुण येतो. इथे तर एकेकट्या मुळीनेही तेवढाच गुण दिसत होता. निर्मलाबाईंनी वही मिटली आणि म्हटलं, की मग हिंमत, तुझा सगळा सिद्धांतच गेला. मिश्रण कशाला हवं? कापूसच भरलेला बरा.

दिवलीला सिद्धांत कळला नाही, कापूस कळला. तिच्या डोळ्यांपुढे घरच्या आढ्यातला कोयता आला. केलेलं सांगितलं तर आपण जाणार, न सांगितलं तर सगळेच जाणार, इतका हिशेब तिला येत होता. तरी निर्मलाबाईंनी विचारलं नसतं तर ती बोलली असती की नाही, देव जाणे. बाईंनी विचारलं. कोणत्या पिंजऱ्याला काय दिलं?

“तीन पिंजरासले सम्दं दिधं,” दिवली म्हणाली. “चौथाले काहीच नई.”

सगळं म्हणजे काय, हे बाईंनी शांतपणे विचारलं. दिवलीने गाडगं आणून दाखवलं. हिंमतराव खाली बसले. दोन वर्षं, चार दोरे, तीन वेळा बजावणं, सगळं त्या गाडग्यात गेलं होतं. दिवलीने त्यांच्याकडे न बघता बाईंनाच सांगितलं, “एकले दवा नि एकले पानी, अशी वाटनी आम्हनामा नई व्हस.”

“मग चौथ्यांना का नाही?” बाईंनी विचारलं.

“त्या जातबाहेर शेतस.”

मग कणसांची गोष्ट बाहेर आली, तिने स्वतः घेतलेल्या वाट्याची आली आणि कडीचीही आली. कडीचं नाव निघताच हिंमतरावांनी मान खाली घातली. निर्मलाबाई ऐकत होत्या, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच प्रयोगशाळेत त्यांचे ओठ हलले. हसू त्यांनी चष्मा पुसून दाबलं. मग वही पुन्हा उघडली. त्या म्हणाल्या, की अठरांना मिश्रण, तेही पातळ झालेलं. सहांना काही नाही. आणि डोळे मोजणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. अठरा उठले, सहा बसले. हिंमत, हे अर्धं उत्तर आहे. एकेकट्या मुळीचं यातून काही कळत नाही, पण मिश्रणात काहीतरी आहे असं म्हणायला जागा आहे. एका वर्षाची मदत मिळेल तुला, त्यातून काकांना गोदामाचं भाडं दे. पुन्हा कर, नीट कर. आणि औषध द्यायला हीच बाई ठेव; हिच्याइतकं गुपित मी कुणाला राखताना पाहिलेलं नाही.

हिंमतराव उठून उभे राहिले ते थेट बाईंच्या पाया पडायलाच. बाईंनी दिवलीकडे वळून विचारलं, की स्वतःही घेतलंस म्हणतेस, मग तुला काय वाटलं? दिवली म्हणाली, कडू लागलं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

दिवली खरं तर आता नाचली असती. पण तिचं लक्ष चौथ्या पिंजऱ्याकडे गेलं होतं. सगळे त्याच्याविषयी बोलत होते आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. कारभारी भिंतीकडे तोंड करून बसला होता, पाठीला पोक काढून, डोळे अर्धे मिटून. शेजारच्या पिंजऱ्यात मामलेदार दाणे फोडत होता, त्याचा आवाजही कारभाऱ्यापर्यंत जात नसावा. हे बसणं दिवलीला ओळखीचं होतं. एक वर्ष ती अशीच बसली होती, एका कणसापायी. आणि आज निवाडा करणारी तीच होती. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत. पंचांनी निदान ती उलट बोलली म्हणून राग धरला होता. या बिचाऱ्यांनी नुसत्या मिशा हलवल्या होत्या.

तिने हात आत घालून कारभाऱ्याला उचललं, या वेळी शेपटीने नाही, ओंजळीत. तो चावलाही नाही. “तुम्हना दंड मी भरस,” ती त्याला म्हणाली.

मग तिने बाईंना आणि हिंमतरावांना आपली अट सांगितली. पाणीवाले ठेवायचे तर ठेवा, पण दुपारची मोजणी झाली की त्यांनाही त्यांचा वाटा मिळाला पाहिजे. मोजून झाल्यावर दिलं तर तुमच्या वहीचं काय बिघडतं? काही बिघडत नाही, असं बाई म्हणाल्या. गाडग्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. ते सहांत वाटलं गेलं, थेंब मोजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवली आपल्या खुराड्यातला मोठा तांबडा कोंबडा पाय बांधून घेऊन आली. हिंमतराव दचकले, त्यांच्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नव्हतं. त्यांनी चाचरत विचारलं, की हा आता कापणार का? दिवली म्हणाली, इथले पंच तुम्ही, दंड तुमच्यापाशी भरला, पुढचं तुमच्या हातात. हिंमतरावांनी घाईघाईने पाय सोडले आणि कोंबडा आवारात मोकळा झाला. पुढे वर्षभर तो ऐन मोजणीच्या वेळी आरवायचा आणि हिंमतरावांचे आकडे चुकवायचा. नव्या मक्याची पूजा झाल्यावर दिवलीने चोवीस उंदरांना एकेक दाणा वाटला, सुरुवात चौथ्या पिंजऱ्यापासून. पंचविसावा दाणा कोंबड्याचा.

तिच्या झोपडीशेजारी तापीबाई म्हणून एक चौकस बाई राहायची. कोंबडा दिला त्याच दिवशी तिने खुराड्यात डोकावून विचारलं, की तुझा तांबडा दिसत नाही तो?

“कोल्हा लई गया,” दिवली म्हणाली.

त्याच वेळी समोरच्या केंद्राच्या आवारात कोंबडा आरवला. तापीबाईने तिकडे पाहिलं, मग दिवलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही.